आजोबांना पत्ता नीट सांगा

युन-रू, थांब, मध्ये बोलू नकोस, फक्त ऐक. चहा पी, तळाचे साबुदाणे चावत बस, काय वाटेल ते कर, पण माझं संपेपर्यंत तैपेईच्या खोलीचा विषय काढायचा नाही. खिडकीजवळचा पलंग माझा, हे ठरलंय, माहितीय मला. तो विषय शेवटी.

तर रविवारी आमच्या आजोबांचा दिवस होता. माणूस जाऊन किती वर्षं झाली, पण घरात अजून शेवटचा शब्द त्यांचाच. दवाखान्यात नळ्या लावलेल्या असताना त्यांनी मोठ्या काकांचं मनगट धरून सांगितलं होतं, "मला विचारल्याशिवाय एकसुद्धा यंत्र फाटकाबाहेर जाता कामा नये." काका म्हणाले, "हो अप्पा." तेव्हा त्यांना काय माहीत, की पुढे आख्खं शथौ गाव मोजे विणायची यंत्रं कंटेनरात घालून व्हिएतनामला निघणार आहे!

तू तैपेईत शिकायला होतीस, तुला कल्पना नाही गावात काय चाललंय. देवळासमोरच्या नूडलच्या दुकानात बस एकदा. जो तीन दिवस व्हिएतनामला जाऊन आलाय तो सगळ्यांना सल्ला देतो. जो आठवडाभर राहून आलाय तो पुस्तक लिहायच्या बेतात असतो. आणि जे खरंच दहा-दहा वर्षं तिकडे कारखाना चालवतायत, ते कोपऱ्यात मान खाली घालून नूडल खातात आणि निघून जातात.

आमचे मोठे काका तीन दिवसवाले.

ताइचुंगच्या एका हॉटेलात फुकट जेवण असलेलं व्याख्यान ऐकून आले, आणि आल्या आल्या त्यांनी कार्डं छापली: 'अध्यक्ष, व्हिएतनाम विभाग'. विभाग कुठाय? विभागाच्या जागी तिकडे अजून ऊस उभा होता. मग गोल्फच्या काठ्या आणल्या. यंत्रं न्यायला ट्रक ठरला नव्हता, पण काठ्यांसाठी चाकांची पिशवी आली होती. काकूने विचारलं, "हे काय?" तर म्हणाले, "तिकडे सगळे करार गवतावर होतात."

"मग चटई न्या," काकू म्हणाली.

आता काकूचं ऐक, म्हणजे तुला पुढचं कळेल. आमच्या गल्लीतल्या चौघीजणींचे नवरे तिकडे कारखाना काढायला गेले आणि त्यातल्या दोघांनी कारखान्याबरोबर घरंही काढली. म्हणजे, घर कळलं ना? बायको-मुलासकट. त्यामुळे काकू पहिल्या दिवसापासून ठाम विरोधात. पण तोंडाने तसं म्हणायची नाही. तोंडाने म्हणायची, "तिकडची हवा दमट असते, यांच्या गुडघ्यांना सोसणार नाही." सहा महिने सगळं भांडण त्या गुडघ्यांवरून चाललं होतं.

आणि धाकटी काकू, थुई. ती मूळची तिकडचीच, मेकाँगच्या बाजूची, धाकट्या काकांशी लग्न करून आली त्याला बारा वर्षं झाली. मोठे काका तिला बसवून व्हिएतनाम समजावून सांगतात! मी समोर होते. "थुई, तिकडची माणसं फार कष्टाळू असतात."

"हो का?"

"आणि दुपारी झोपतात. हे ध्यानात ठेवायला हवं."

"ठेवते हं," थुई काकू म्हणाली. "पण मोठे दादा, कारखानाच तिकडे न्यायचा होता तर आधी सांगायचं. मी तिथेच थांबले असते. विमानाचं भाडं वाचलं असतं, आणि तुमच्या आई असेपर्यंत ऐकलेले टोमणेही."

आणि बाबा, म्हणजे मधले? बाबा काहीच बोलत नव्हते. बाबा तसेही बोलत नाहीत. यंत्र बिघडलं की जेवायची काडी घेतात, एक टोक यंत्राला लावतात, दुसरं कानाला, आणि सांगतात कुठली सुई वाकलीय. आई गेल्यापासून माणसांपेक्षा यंत्रांचंच जास्त ऐकतात. हल्ली दुपारी जेवायला थुई काकूच्या स्वयंपाकघरात जाऊन बसायचे, मला वाटलं एकटे जेवायचा कंटाळा येत असेल. एकदा तर कारखान्यामागच्या सिमेंटच्या अंगणात गुडघ्यावर बसून खडूने चौकोन काढत होते. मी म्हटलं, शेजारच्या पोरींना लंगडी खेळायला काढतायत.

आता माझं काय होतं ते ऐक. होकार मिळाला तर नवी यंत्रं जाणार. यंत्रांबरोबर बाबा जाणार, कारण त्यांच्याशिवाय ती चालत नाहीत. आणि इथे उरलेली जुनी खटारी कोण बघणार? आमची यी-चन बघेल. मी! म्हणजे माझी नोकरी, तुझी-माझी खोली, सगळं बुडालं. तैपेईच्या नोकरीचं मी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. आजोबांचा दिवस झाला की सांगणार होते. त्यामुळे सकाळपासून उदबत्त्या लावताना माझं एकच चाललं होतं, आजोबा, नाही म्हणा, नाही म्हणा, नाही म्हणा. आणि वर माझा चांगुलपणा बघ, मी स्वतःला पटवत होते की हे मी बाबांसाठी मागतेय. बाबांना कुठे जायचंय? बाबांना ताइचुंगला न्यायचं म्हटलं तरी यंत्र बिघडलंय म्हणून मागे राहतात.

तुमच्याकडे येशू आहे म्हणून कौलाचं परत सांगते. बांबूच्या मुळाच्या दोन चंद्रकोरी असतात, एक बाजू सपाट, एक बाजू पोटासारखी फुगीर. प्रश्न विचारायचा आणि जमिनीवर टाकायच्या. एक सपाट वर आणि एक पोट वर, तर हो. दोन्ही पोटं वर, तर नाही. दोन्ही सपाट वर, तर आजोबा हसतायत, म्हणजे प्रश्नच नीट विचारलेला नाही. मोठ्या गोष्टीला लागोपाठ तीन होकार लागतात. तिन्ही आले की आजोबांच्या पुढ्यातली उदबत्तीची राख लाल कापडात बांधून नव्या कारखान्यात न्यायची, मग आजोबा पण तिकडे राहायला जातात. गावातले सगळे म्हातारे असेच गेलेत. जिवंतपणी एकालाही पासपोर्ट नव्हता.

तर सकाळचे सगळे उपचार झाले. कोंबडी, डुकराचं मांस, तळलेला मासा, भाताच्या वाट्या, दारूचे छोटे पेले. पेरू नाही, आपल्या गावचा असला तरी तो देवापुढे चालत नाही, धाकटे काका दर वर्षी आणतात आणि दर वर्षी शिव्या खातात. आजोबांच्या नावाच्या लाकडी पाटीसमोर या वर्षीच्या नव्या नक्षीचा पहिला जोड ठेवला. पिवळ्यावर बदकं. आजोबांना बदकं आवडतील का यावर थोडा वाद झाला. मग काका सूट घालून पुढे आले. सूट, युन-रू! ऑक्टोबरच्या उकाड्यात.

गुडघे टेकले, कोरी हातात घेतल्या आणि व्याख्यानात ऐकलेल्या आवाजात सुरू झाले, "अप्पा, जग बदलतंय. गिऱ्हाईकं स्वस्त माल मागतायत. मी, तुमचा मोठा मुलगा वन-पिन, कारखाना व्हिएतनामला नेतोय. परवानगी असू द्या."

टाकल्या. दोन्ही सपाट वर.

"हसले," काकू म्हणाली.

"पहिल्यांदा हसतातच. मूड यायला वेळ लागतो." परत टाकल्या. परत हसले. तिसऱ्यांदा टाकल्या, एक कोर भिंगरीसारखी गरगर फिरली, सगळे पुढे वाकले, आणि थांबली ती सपाट बाजू वर करून.

"चांगलेच हसतायत," काकू म्हणाली. "सूट बघून असेल."

काकांच्या मानेवरून घाम ओघळायला लागला. धाकटे काका म्हणाले, "दादा, त्यांना दारू थोडी कमी झालीय का?" आणि पेला भरायला गेले. भरता भरता अर्धा स्वतःच प्यायले.

तेव्हा दारातून थुई काकू म्हणाली, "तुम्ही पत्ता कुठे सांगितलात?"

धाकटे काका पेला खाली ठेवून तिच्याकडे वळले.

"नाही, खरंच. देवाला साधं औषध मागायचं तरी आपण नाव, जन्मतारीख, घर नंबर, गल्ली, सगळं सांगतो. आणि इथे नुसतं 'व्हिएतनाम'. अहो, केवढा लांबलचक देश आहे तो! अप्पा उतरणार कुठे? जन्मात ताइचुंगच्या पुढे गेले नाहीत. विमानतळावर बसून राहतील."

आणि हे अगदी बरोबर होतं. आमच्यात पत्ता न सांगता कौल मागतच नाहीत. माणसांना अर्धवट सांगून चालतं, वडिलांना अर्धवट सांगून चालत नाही.

"हो, खरंच," काकू म्हणाली. "पत्ता सांगा ना अहो. तुम्ही भाड्याचा करार करून आलात म्हणालात."

आता काकांचा चेहरा बघायला हवा होतास तू. सहा महिने आम्ही पत्ता विचारला की ते म्हणायचे, 'औद्योगिक वसाहत, मोठा रस्ता आहे.' बायकोला थापा मारता येतात, भावांना येतात. पण समोर बापाची पाटी, उदबत्ती जळतेय, हातात कोरी. तिथे थाप मारली तर आजोबा थापेच्या पत्त्यावर जाऊन बसणार, आणि धंदा चालणार कसा? काकांचा या बाबतीत पक्का विश्वास आहे. तीच तर पंचाईत झाली.

"बिन्ह ज्योंग प्रांत," काका म्हणाले.

"पुढे?"

"औद्योगिक वसाहत. पूर्वेचं फाटक. भूखंड अकरा." मग अगदी खालच्या आवाजात, "कारखान्याची जागा."

"आणि?" काकू म्हणाली. बघ, लग्नाला तीस वर्षं झाली की 'आणि' कुठे म्हणायचं ते बरोबर कळतं. "तुम्ही राहणार कुठे ते सांगा. अप्पा तुमच्याजवळच राहणार ना? मुलाच्या घराचा पत्ता नको त्यांना?"

काकांनी डोळे मिटले. "गोल्फ क्लबसमोर. बंगला नंबर सात."

"समोर नाही हं," थुई काकू एकदम निरागसपणे म्हणाली. "ते आतच आहे. माझी मावसबहीण तिथे स्वयंपाक करायची. छान आहे. प्रत्येक बंगल्याला तलाव, आणि घर सांभाळायला पोरगी ठेवून देतात ते लोक."

काका बाहीने पडलेली उदबत्तीची राख पुसायला लागले. 

आता काकूच्या डोक्यात काय झालं ते तिने मला नंतर भांडी घासताना सांगितलं. ती म्हणाली, "यी-चन, मला वाटलं मी किंचाळेन. आणि मग एकदम वाटलं, कशाला? माझ्या हातात सासरा आहे."

ती उठली. ॲप्रनला हात पुसले. काकांच्या शेजारी येऊन गुडघे टेकले आणि आजोबांना म्हणाली, अगदी गोड, "अप्पा, प्रश्न चुकला होता. आता मी नीट विचारते. तुमचा कारखाना व्हिएतनामला जावा, बिन्ह ज्योंग, पूर्वेचं फाटक, भूखंड अकरा. चालेल. चांगलंच आहे. पण तुमचा मोठा मुलगा वन-पिन, याचे गुडघे दुखतात, तो इथेच अध्यक्ष म्हणून राहील. तिकडे तुमचा मधला वन-ली जाईल, तोच यंत्रं लावेल, कारखान्याच्या खोलीतच राहील. आणि इथली जुनी यंत्रं यी-चन बघेल. अशी परवानगी आहे का?"

"अगं, पण..." काका म्हणाले.

"अहो, आता मी बोलतेय ना वडिलांशी."

बघ! सहा महिने नको नको म्हणणारी काकू एका मिनिटात व्हिएतनामच्या बाजूची झाली. आणि सहा महिने व्हिएतनाम व्हिएतनाम करणारे काका म्हणायला लागले, "इतकी काय घाई आहे? पुढच्या वर्षी विचारू. बाजार अजून स्थिर नाही."

"कोरी कोण टाकणार?" धाकट्या काकांनी विचारलं.

काका म्हणाले काकू नको, ती मनगट फिरवते. काकू म्हणाली काका नकोत, त्यांच्यावर आजोबा हसतात. थुई काकू म्हणाली मी तर परकी. आणि सगळे एकदम माझ्याकडे वळले. काकू म्हणाली, "यी-चनला द्या. तिला कशातच काही घेणं नाही, ती कुणाच्याच बाजूची नाही."

युन-रू, माझ्या खिशात फोन होता आणि त्यात तू पाठवलेला खिडकीचा फोटो होता. कशातच काही घेणं नाही!

मी बाबांकडे बघितलं. ते दाराशी उभे, हातात टोपी, जमिनीकडे बघत. एकाने तरी विचारावं ना त्यांना! काकूने त्यांना कारखान्याच्या खोलीत नेऊन टाकलं, काकांनी त्यांना न्यायचं आधीच गृहीत धरलेलं. मी मनात म्हटलं, आजोबा, बघा ना, तुमचा मुलगा बिचारा. आणि टाकल्या.

हो.

काकूने टाळी वाजवली. काका म्हणाले, "प्रश्न फार लांब होता. अप्पांना अर्धाच ऐकू आला असेल, शेवटी शेवटी ऐकायचे नाहीत ते."

"मेल्यावर कान बरे होतात," काकू म्हणाली. "टाक गं."

परत टाकल्या. परत हो!

आता काकांनी उघड उघड आजोबांना हात जोडले. ओठ हलत होते. मला शपथेवर माहितीय ते काय म्हणत होते, कारण मी पण तेच म्हणत होते. नाही म्हणा, नाही म्हणा. मी आणि काका, जन्मात पहिल्यांदा एका बाजूला! ते तलावासाठी, मी खिडकीसाठी. धाकटे काका तेवढ्यात काकूच्या बाजूचे झाले होते, कारण तिने त्यांना कोंबडीची तंगडी दिली होती.

तिसऱ्यांदा हात इतके घामेजले होते की कोरी सुटल्या त्या उडाल्याच. एक समोर पडली, पोट वर. दुसरी टप्पा खाऊन सरळ पूजेच्या टेबलाखाली. पुढे ते लाल भरतकामाचं कापड जमिनीपर्यंत लोंबतं ना, त्याच्या आत.

"बघ, बघ," सगळे एकदम.

मी कापड उचललं आणि आत सरपटत गेले. आत अंधार, धूळ, जुन्या मेणबत्तीचं बुड, आणि एक मोजा. आमच्या घरात कुठेही वाका, मोजा सापडतोच. आणि मागच्या पायाशी ती कोर.

उभी होती.

खरंच सांगते. टेबलाच्या पायाच्या कडेला सपाट बाजू जेमतेम टेकून, टोकावर उभी. सपाट पण नाही, पोट पण नाही. माझ्याकडे कलली असती तर सपाट बाजू वर, म्हणजे हो. भिंतीकडे कलली असती तर पोट वर, म्हणजे नाही. मी श्वाससुद्धा घेतला नाही. नखाएवढा धक्का, बस्स.

"काय आहे?" बाहेरून काका.

"अंधार आहे!"

"टॉर्च आणू?"

"नको!"

"मी बघतो," कुणीतरी म्हणालं, आणि बाजूचं कापड वर झालं. बाबा. चार पायांवर, फोनचा दिवा लावून, घोड्यासारखे फुरफुरत आत आले. कोरीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"उभी राहिली होय," हळूच म्हणाले. "अप्पाच. जिवंतपणी पण असंच करायचे. अवघड आलं की म्हणायचे, तुमचं तुम्ही बघा."

मी कुजबुजले, "बाबा, तुम्ही काळजी करू नका. मी नाही म्हणून सांगते. तुम्हाला कुठे जायला लागणार नाही."

बाबांनी मान हलवली, नाही अशी. मग एकदम, जरा मोठ्यानेच, आणि आपल्या भाषेत नाही, थुई काकूच्या भाषेत म्हणाले, "तोई मुऑन दी."

मला तेवढं कळतं, युन-रू. मला जायचंय.

बाहेरून थुई काकू ओरडली, "वा, मधले दादा! आता बरोबर आलं!"

"काय म्हणाला तो?" काका.

"काही नाही, देवाचं काहीतरी," थुई काकू म्हणाली.

मी नुसती बघत राहिले. दुपारची जेवणं! जेवायला नाही, शिकायला जात होते! आणि बाबा बोलायला लागले, टेबलाखाली, पोटावर झोपून, मोज्याशेजारी. इतकं बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. म्हणाले, "यी-चन, अप्पांनी यंत्रं घेतली, दादाने यंत्रं घेतली. कुठे ठेवायची ते त्यांनी ठरवलं, मी नुसती चालती ठेवली. ते रिकामं शेड आहे ना तिकडे, भूखंड अकरा. मी दादाच्या फोनवर फोटो बघितलाय. आत काहीच नाही. पहिलं यंत्र कुठे ठेवायचं, ते मला एकदा ठरवायचंय. उजेड कुठून येतो, दोरा कुठून येईल, मोज्यांचे पंजे शिवणाऱ्या बायका कुठे बसतील. मी मागे आखून बघितलंय सगळं. खडूने."

चौकोन. लंगडीचे चौकोन!

मी म्हटलं, "मग बोलला का नाहीत?"

"कुणी विचारलं?"

आणि मी पण नव्हतं विचारलं, हे माझ्या तेव्हा डोक्यात आलं. सकाळपासून बिचारे बाबा, बिचारे बाबा करत होते मी.

बाहेर काका-काकूंचं भांडण जुंपलं होतं. काका म्हणत होते आत गेलेली कोर धरायचीच नाही, परत टाका. काकू म्हणत होती, तुमच्या बंगल्यात गेली असती तर धरली असतीत. आम्ही दोघं आत. बाबांनी फोनचा दिवा जरा खाली केला, माझ्या तोंडावर पडू नये म्हणून, आणि म्हणाले, "पण तुला तैपेईला जायचंय ना?"

मी म्हटलं, "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"त्या दिवशी गच्चीवर फोनवर भांडत होतीस. खिडकीजवळचा पलंग माझा, माझा. मी कपडे काढायला आलो होतो." मग कोरीकडे बोट दाखवलं, लावलं नाही, नुसतं दाखवलं. "तू म्हणशील तसं. भिंतीकडे पाडलीस, तर मीही भिंतीकडेच पडलेली बघितली. मी काही म्हणणार नाही. आतापर्यंत कुठे काय म्हटलंय."

असं कुणी म्हणतं का गं! रागावले असते, रडले असते, बाप म्हणून हुकूम सोडला असता, तर मी भांडले असते. ते नुसते डोळे मिचकावत होते धुळीने. त्यांच्या डोक्याला जाळं लागलं होतं, कोळ्याचं. आणि आजोबा त्या पायाला टेकून उभे, मजा बघत.

"झालं की नाही?" काकू ओरडली. "मासा गार झाला!"

मी करंगळी पुढे केली.

माझ्याकडे पाडली.

एवढासा आवाज झाला, टक. बाबांनी डोळे मिटले, आणि एका हाताने तो धुळीतला मोजा उचलून झटकायला लागले. उगीचच. दोन्ही बाजूंनी झटकला, घडी घातली, खिशात ठेवला.

मी बाहेर येऊन म्हटलं, "हो आहे."

"नीट बघितलंस?" काका. आवाज रडवेला. "हलली बिलली नाही ना?"

"बाबांनी पण बघितलं."

बाबा बाहेर आले, उभे राहिले, गुडघे झटकले आणि म्हणाले, "हो." आणि तिथे विषय संपला, कारण बाबा आयुष्यात खोटं बोललेले नाहीत हे सगळ्यांना माहितीय. इतकं कमी बोलतात की खोट्याला जागाच उरत नाही.

मग काय विचारतेस! काकूने स्वतःच्या हाताने राख लाल कापडात बांधली, आणि बंगला भाड्याने देणाऱ्या माणसाला आता तो नको म्हणून फोन करायला काकांना आजोबांच्याच समोर बसवलं, म्हणजे पत्ता बदललेला आजोबांनाही कळेल. धाकटे काका मासा खात होते. थुई काकू दाराशी बसून बाबांकडून आकडे म्हणून घेत होती, ती त्यांना सातच्या पुढे जाऊच देत नव्हती, म्हणे सूर चुकतोय. काकांनी ती कार्डांची पेटी उचलून माझ्यापुढे ठेवली. म्हणाले, "मागची बाजू कोरी आहे. दुरुस्तीच्या नोंदी करायला घे." आणि संध्याकाळी मी कारखान्यात गेले तर बाबांनी त्या गोल्फच्या पिशवीतून काठ्या काढून भिंतीला लावून ठेवल्या होत्या, आणि आत पाने, सुया, तेलाच्या कुप्या, सगळी हत्यारं भरत होते. मला म्हणाले, "चांगली आहे गं पिशवी. चाकं आहेत."

मग त्यांनी ती जेवायची काडी काढली. माझ्या हातात दिली. सगळ्यात जुन्या यंत्राला एक टोक लावायला लावलं, दुसरं माझ्या कानाला, आणि म्हणाले, "ऐक." मी ऐकलं. मला नुसती खडखड ऐकू आली, युन-रू. नुसती खडखड.

म्हणून म्हटलं होतं, खोलीचा विषय शेवटी. खिडकीजवळचा पलंग तू घे. पडदा मात्र तो निळा लावू नकोस, भिकार दिसतो. आणि अशी बघू नकोस माझ्याकडे. आधी सांग, खरं सांग हं: टेबलाखाली पालथी पडलीयस, समोर तुझा बाप, डोक्याला जाळं लागलेलं, आणि ती कोर तुझ्या करंगळीची वाट बघत उभी आहे. तू असतीस तर कुठल्या बाजूला पाडली असतीस?